मुकं स्टिअरिंग

गेले तीन महिने मी गाड्यांना नावं ठेवत होते. हल्लीच्या गाड्या मुक्या झाल्यात, असं येईल त्याला ऐकवायचे. पूर्वी स्टिअरिंग हातात घेतलं की रस्ता समजायचा, आता नुसतं रबराचं कडं फिरवल्यासारखं वाटतं आणि लोक त्यालाच आराम म्हणतात. गिऱ्हाइकं माना डोलवायची. तीस वर्षं याच कामात काढलेल्या बाईला कोण खोटं पाडणार?

आमचं गॅरेज चाकांचं आणि स्टिअरिंगचं, इंजिनाला आम्ही हात लावत नाही. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझा धाकटा दीर चालवतो. तो लिफ्टखाली, मी स्टिअरिंगमागे. मशीन काहीही म्हणो, मी पुलापर्यंत फिरवून आणल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. हे काम त्यांनीच मला शिकवलं. स्टिअरिंग आवळायचं नाही, बोटांवर नुसतं ठेवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या.

गाडी कोणत्या जातकुळीची आहे ते आधी ओळखायचं, हेही त्यांचंच. रोजच्या वापरातली गाडी कामापुरतं बोलते. स्टिअरिंग हलकं, गल्लीत एका हाताने वळेल असं, पण चाक एका बाजूला ओढू लागलं तर सांगते. स्पोर्टी गाडी म्हणजे चहाडखोर शेजारीण. स्टिअरिंग जड, बोटभर वळवलं की गाडी निघालीच, आणि रस्त्यावरचा खडा न् खडा तळहातावर आणून ओतते. आलिशान गाडीत मात्र रस्ता शेजारच्या खोलीत असल्यासारखा. पलीकडे काहीतरी चाललंय एवढंच कळतं. तिथली शांतता कारखान्यात मुद्दाम केलेली असते, आणि ती शांतता कुठे संपते नि बिघाड कुठे सुरू होतो हे ओळखायला हात लागतात. ते माझ्याकडे होते. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

त्या दिवशी सकाळी लेक, जावई आणि चार वर्षांची नात आली. नातीला आम्ही टिल्ली म्हणतो. डोंगर ओलांडून जावयाच्या बहिणीकडे चार दिवस राहायला निघाले होते. गाडी त्यांची नेहमीचीच, छोटी, निळी. जावई शाळेत भूगोल शिकवतो.

"आई, स्टिअरिंग जरा ढिलं वाटतंय," तो म्हणाला. "डावीकडून कधीकधी कट्कट् पण येते. लिफ्टवर घेऊन बघता का?"

"जावईबापू, खडूशिवाय दुसरं काही हातात धरलंय का कधी?" मी म्हटलं. लेक हसली. तोही बिचारा हसला.

दोन्ही लिफ्टवर गाड्या चढलेल्या होत्या. म्हटलं, लिफ्ट हवीय कशाला, मी आहे ना. पुलापर्यंत गेले आणि आले. रस्ता नवा, गुळगुळीत. स्टिअरिंग लोण्यासारखं, ना ओढ ना खडखड. सगळ्याच नव्या गाड्यांसारखी हीपण मुकी, एवढं मनात आलं खरं. "खुशाल जा," मी सांगितलं. जावयाने टिल्लीला मागच्या सीटवर बांधलं आणि लेक चालवायला बसली. त्यांच्यात गाडी तीच चालवते, माझ्याकडूनच शिकलीय. साडेदहा वाजले होते.

त्यानंतर पाऊण तासाने दातांची डॉक्टर आली. तिची गाडी पिवळी, बुटकी, बसायचं म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखं. ताशी सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं अशी तक्रार. मी तिला शेजारी बसवलं आणि गाडी थेट हमरस्त्यावर काढली. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले, ऐंशी झाले. हाताला काहीही लागलं नाही.

"काही नाहीये, डॉक्टर," मी म्हटलं. "वहम आहे तुमचा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वहम? अहो, खाली बघा ना."

मी खाली बघितलं. स्टिअरिंग थरथरत होतं. डोळ्यांना दिसावं इतकं. माझ्या घड्याळाचा पट्टा सैल आहे, ते मनगटावर टकटक नाचत होतं. माझे दोन्ही तळवे त्या स्टिअरिंगवर होते आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मनगटाच्या वरचा भाग, उघडा हात, हळूच कड्यावर टेकवला. थरथर कोपरापर्यंत चढली. पुन्हा तळवा ठेवला. रबराचं मुकं कडं.

गाडी मी कडेला कशी घेतली ते आठवत नाही.  सकाळी शर्टाची बटणं लागत नव्हती, नटबोल्ट हातातून सुटत होते, मागच्या महिन्यात किटलीने बोट भाजलं ते फोड आल्यावर कळलं होतं. सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. बटणं बारीक, नट तेलकट, किटली भिकार. मुक्या झाल्या होत्या त्या गाड्या नव्हत्याच, मुके झाले होते माझे हात. आणि मग सकाळची निळी गाडी डोळ्यासमोर आली.

दिराला फोन लावला. "भाऊजी, सकाळी लेकीची गाडी उभी होती ना, तिथली जमीन बघा."

"काय बघू, वहिनी?"

"काहीही. पडलंय का काही, ते बघा."

त्याच्या चपलांचा आवाज आला, मग तो वाकला असावा. "ग्रीस सांडलंय. आणि एक रबराची टोपी पडलीय, फाटलेली. बॉल जॉइंटवरची वाटतेय. वहिनी, ही त्यांच्या गाडीची आहे का?"

चाक स्टिअरिंगला एका सांध्याने जोडलेलं असतं. त्या सांध्यावर ही टोपी असते. ती फाटून गळून पडली म्हणजे आतलं ग्रीस बाहेर गळतंय, माती शिरलीय, सांधा खिळखिळा झालाय. सपाट रस्त्यावर तो महिना काढेल. घाटात, प्रत्येक वळणावर सगळा भार त्याच्यावर आला, तर कुठल्यातरी वळणावर निखळेल, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, चाक वळणार नाही. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितलंय. बहुतेकांना भीती घालायला.

लेकीला फोन केला. तिने उचलला नाही. चालवताना फोनला हात लावायचा नाही हे मीच तिला बजावलेलं. जावयाचा लावला. पाच वेळा वाजून उचलला गेला आणि आतून गाण्यांचा गोंगाट आला.

"आजी, मी हत्ती बघतेय."

"टिल्ली, बाबांना दे फोन. लवकर दे, राणी."

"बाबा झोपले," ती म्हणाली, आणि हत्तीचा व्हिडिओ अडला म्हणून तिने फोन कापला. पुन्हा लावला तर पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा संपर्क क्षेत्राबाहेर होता. म्हणजे ते घाटाच्या पायथ्याशी पोचले होते.

डॉक्टर हे सगळं ऐकत होती. काही न विचारता ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आली.

"तिकडे सरका. मी चालवते."

"गाडी थरथरतेय तुमची."

"त्याने काही होईल?"

"नाही. चाकाचा तोल राखायला लावलेलं वजन पडलंय एवढंच. नव्वदच्या पुढे गेलं की थांबेल."

"मग नव्वदच्या पुढेच जाऊ," ती म्हणाली.

ती बाई दात जसे काढत असेल तशी गाडी चालवत होती, शांतपणे आणि समोरच्याची दयामाया न ठेवता. मी जीव मुठीत धरून बसले होते, पण माझी भीती त्या वेगाची नव्हती. मला उलट ती सावकाश चाललीय असं वाटत होतं. एका ट्रकमागे दोन मिनिटं अडकलो तर मी रडायच्या बेतात आले. मध्येच तिने विचारलं, "हात कधीपासून बधिर आहेत?"

"तीन महिने झाले असतील."

"कुणाला दाखवलं?"

"कुणाला दाखवायचं? मी गाड्या बदलून बघत होते."

तिने गिअर बदलला. बोलत राहिली असती तर बरं झालं असतं. गप्प बसलं की डोळ्यासमोर टिल्लीचे पाय येत होते, सीटवरून खाली न पोचणारे. मी लहानपणी पाठ केलेलं सगळं पुटपुटून बघितलं, एकही ओळ पुरी आठवली नाही.

घाट लागला. डावीकडे डोंगर, उजवीकडे कमरेएवढा कठडा आणि त्याच्यापलीकडे काही नाही. मी प्रत्येक वळणावर आधी कठडा बघायची, मग रस्ता. सातव्या की आठव्या वळणावर कठडा तुटलेला दिसला. गाडीच्या रुंदीएवढं भगदाड, खाली दगड विखुरलेले.

"थांबवा," मी म्हटलं. 

गाडी थांबली. मला दार उघडता येईना. बोटं खिट्टीवरून घसरत होती, डॉक्टरने वाकून दार उघडलं. भगदाडापर्यंत दहा पावलं होती आणि ती टाकताना मी मनात काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. कडेला जाऊन खाली बघितलं. झुडपं होती. दगडांवर शेवाळ होतं, तुटलेल्या कडेत गवत उगवलं होतं. जुनं भगदाड. मी तिथेच खाली बसले, तिने मला काखेत हात घालून उठवलं.

पुढे दोन वळणं गेली आणि तिसऱ्यावर निळी गाडी दिसली. कडेला उभी, मागचे दिवे लुकलुकत होते. जावई बाटलीतून पाणी ओतत होता आणि लेक टिल्लीचं तोंड धूत होती. वळणांनी पोरीला अर्ध्या तासापासून पुन्हा पुन्हा उलट्या होत होत्या. तेवढ्यासाठी ते थांबले होते. दुसरं काही कारण नव्हतं.

"आई? तू इथे कशी?"

 मी सरळ पुढच्या डाव्या चाकापाशी गेले आणि रस्त्यावर आडवी पडले. हातांनी चाचपून उपयोग नव्हता म्हणून जावयाला चाक दोन्ही हातांनी धरून हलवायला लावलं आणि मी डोळ्यांनी बघितलं. त्याने हलवलं. सांधा आपल्या खोबणीतून अर्धा बाहेर आला, पुन्हा आत गेला. टक्. टक्. जावयाचा चेहरा पांढरा पडला.

"बस," मी म्हटलं. "आता ही गाडी एक फूटही हलवायची नाही. भाऊजी उचलून न्यायला येतील."

मी उठून कपडे झटकले. लेक टिल्लीला कडेवर घेऊन उभी होती आणि चाकाकडे बघत होती.

"तुम्ही बरोबर सांगत होता, जावईबापू," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. माझ्या हातांना कळत नाही आता. किती दिवस कळत नाहीये देव जाणे."

 माझं बोलणं जावयाला अजून पुरतं समजलं नसावं. लेकीला समजलं. तिने टिल्लीला त्याच्याकडे दिलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मला कळत होतं," ती म्हणाली. "घाट लागल्यापासून. वळवलं की आधी काहीच व्हायचं नाही, मग एकदम वळायची. दोनदा वाटलं परत फिरावं. पण तू चालवून बघितली होतीस. म्हटलं, आईला नाही लागलं म्हणजे माझेच हात चुकतायत."

 मला तिला ओरडायचं होतं, की आपल्या हातांवर विश्वास ठेव, आई गेली खड्ड्यात. तोंडातून शब्द फुटला नाही. गेली वीस वर्षं मी तिच्या प्रत्येक शंकेवर असंच हसले होते.

"आई, बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "मघापासून दाबतेय मी."

काय दाबतेय ते मला कळेना. मग मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातात घट्ट धरून ठेवले होते.