चारशे तेरा

धूळच असणार, म्हणून तिने रुमालाने संगणकाचा पडदा पुसला. पण तो हलला नाही — आलेखाच्या डाव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून फटकून वर बसलेला एक ठिपका. वय एकाहत्तर, झोप दोन तास, स्मरणशक्तीच्या चाचणीत चाळीसपैकी अडतीस. कुठल्याशा संस्थेने सर्वांसाठी खुली केलेली ही माहिती; नावं नाहीत, नुसते क्रमांक. हा चारशे तेरा.

सत्तरीपुढच्या एकशे बारा माणसांत कमी झोपणारे जास्त विसरतात, एवढंच तिला दाखवायचं होतं. पण मुळात काही संबंध नसतानाही असं दिसण्याची शक्यता शंभरात सहा निघत होती. चारशे तेराला वगळलं की तीन. पाचाच्या आत आलं तरच निबंधाला कुणी विचारणार...

"अगं, एका ठिपक्याने काय आभाळ कोसळतंय?" सर सकाळी दारातूनच म्हणाले होते. "झोप मोजता मोजता मोजणाराच पेंगला असेल. चारपर्यंत पाठव. नाहीतर तुझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचं माझ्याच्याने काही व्हायचं नाही."

आणि तिनेच तर आकडे उघडण्याआधी लिहून दिलं होतं — कुणालाही वगळणार नाही. किती सहज लिहिलं... भरल्या पोटी उपास ठरवावा तसं.

तिने वगळला. रेघ कशी देखणी झाली. परत घातला. आईलाही कुठे झोप येते? दुपारी फोनवर विचारलं तर म्हणाली, "झोप तुझ्या बाबांबरोबरच गेली गं. पण सहावीत तू हरवलेली छत्री सांगू? निळी, एक काडी मोडकी. मैत्रिणीने नेली म्हणालीस. मी काही बोलले नाही."

मी काही बोलले नाही — म्हणजे तेव्हापासून हिला ठाऊक होतं...

साडेतीन. तिने आपल्याकडच्या, सगळ्या वयांच्या पूर्ण यादीतूनच ती ओळ काढली. चारशे बारा, चारशे चौदा. मधे काही होतं असं कुणाला वाटूही नये. निबंध पाठवायचा म्हणून ती यादी मिटणार, तोच नजर वर सरकली — तीनशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे नव्वद. आणखी वर, दोनशे सात, दोनशे दहा. सहा महिने हे आकडे तिच्या डोळ्यांसमोर होते, आणि एकदाही ती अडखळली नव्हती. कोण होती ही माणसं? की त्यांनाही कुणीतरी असंच चारच्या आत...

घड्याळाकडे न बघता ती पहिल्या ओळीवर गेली आणि बोट ठेवून, हळूहळू, नसलेले मोजू लागली.