मूठभर दगडफूल

मिक्सरच्या झाकणाच्या कडेला अडकलेला तो तुकडा नखाएवढाही नव्हता – एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळा, कडा कुरतडल्यासारख्या… उत्कर्षाने तो बोटावर घेतला तेव्हा तिला आधी काहीच वाटलं नाही; रोजच्या ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ही ओळख भलत्या ठिकाणी होते आहे हे ध्यानात यायला एक अख्खा श्वास जावा लागला. ओट्यावर. मिक्सरच्या भांड्यावर. घरभर धने, तीळ, खोबरं भाजल्याचा खमंग वास भरलेला. स्वारगेटहून दमून येताना तो वास तिला जिन्यातच लागला होता, आणि खालच्या मजल्यावर आज काय बेत आहे बाई, असं मनात म्हणत ती वर चढली होती. आपल्याच दारातून तो येत असेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आई गेल्यापासून या घरात असा वास आलाच नव्हता.

"आलीस?" गॅसपाशी उभे असलेले अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे तिचे वडील, नागोराव. परभणीला एसटीच्या ऑफिसात जन्म घालवलेला माणूस, आणि त्या जन्मात चहाचं आधणसुद्धा त्यांनी कधी ठेवलेलं नव्हतं. योगेशला, म्हणजे उत्कर्षाच्या नवऱ्याला, कंपनीने कामासाठी अमेरिकेला धाडलं म्हणून सोबतीला ते पुण्यात धायरीला येऊन राहिले होते. सोबत कसली – दिवसभर गॅलरीत पेपर धरून बसायचे आणि समोर चढत असलेल्या नव्या इमारतीकडे बघत राहायचे. विचारलं तर बोलायचे, वाढलं तर जेवायचे. तेच अण्णा आज कमरेला टॉवेल गुंडाळून, कपाळावर धन्याची धूळ घेऊन उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर… काय होतं ते तिला चटकन नाव देता येईना. शाळेतल्या पोराने बक्षीस पाठीमागे लपवून आणावं तसं काहीतरी.

"काळा मसाला केलाय," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखा. मैनामावशीला दोनदा फोन लावला. ती म्हणली, बाकी सगळं दुकानात मिळतंय भावजी, दगडफूल तेवढं चांगलं बघून घ्या. अन् ते तर घरातच निघालं."

"घरात?"

"तुझ्या कपाटात की. खोक्यात. मी खलबत्ता हुडकत होतो." मग आवाज उतरवून, तिच्याकडे न बघता, रस्सा ढवळत म्हणाले, "आणून ठेवलं होतंस, अन् करायला हात होत नव्हता. कळतंय मला, माय. माझंही तसंच होतं."

तिने बोटावरचा तो तुकडा पुन्हा एकदा पाहिला.

त्या खोक्यात तिची पीएचडी होती. दगडफूल मसाल्यात पडतं हे सगळ्यांना माहीत असतं; झाडाच्या सालीवर ते जिवंत असतं, मुळं नसल्यामुळे हवेतून जे येईल तेच खाऊन जगतं आणि हवेतली घाण अंगात साठवत जातं, हे फारसं कुणाला माहीत नसतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. उत्कर्षाचं अडलं होतं. पानशेतच्या पलीकडल्या जंगलातून दगडफूल आणायचं, त्यातलं काही जाळीच्या पिशव्यांत घालून स्वारगेटच्या झाडांवर वर्षभर टांगायचं, काही तसंच स्वच्छ जपून ठेवायचं, आणि शेवटी दोन्ही मशीनवर घालून शहराने त्या पिशव्यांत किती शिसं, किती जस्त भरलं ते मोजायचं – एवढंच तिचं संशोधन. आणलं तसंच जपून ठेवलेलं ते 'कंट्रोल'. ते नसेल तर स्वारगेटच्या आकड्यांना अर्थ नाही. कशापेक्षा जास्त, हे सांगायलाच काही उरत नाही. विभागातल्या कपाटाला कसर लागली म्हणून तिच्या गाईड नीरजामॅडमनीच सांगितलं होतं, पुड्या घरी ने, कोरड्या ठेव. त्याला किती महिने झाले… दुसऱ्या संस्थेतल्या मशीनवर उद्या सकाळी तिचा नंबर होता, आणि त्याआधी पुड्या घेऊन मॅडमकडे जायचं होतं. मॅडम या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. विद्यापीठाने आईच्या आजारपणात एकदा मुदत वाढवून दिली होती आणि पुन्हा मिळणार नाही हेही तेव्हाच नीट बजावलं होतं.

गेलं, असं तिला वाटलं. सगळं मिक्सरमधून फिरलं.

आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, त्याने पहिला पार पुसून टाकला. खोक्यात फक्त कंट्रोल नव्हतं. स्वारगेटहून उतरवून आणलेलं दगडफूलही त्याच खोक्यात होतं, तशाच खाकी पुड्यांत. वर्षभर बस, रिक्षा, टेम्पो आणि तोंडाला ओढणी बांधलेल्या मुलींच्या हजारो स्कूटींचा धूर प्यालेलं. अण्णांनी त्यातलं कुठलं घेतलं?

अण्णांनी पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला.

"अण्णा, थांबा – पोळेल!"

"चव बघायला नको?" ते म्हणाले. "मघापासून चारदा झाली बघून."

विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण ते वाक्य विचारायचं म्हणजे खोक्यात काय होतं हेही सांगायचं, आणि मग तो चेहरा… वर्षभरात पहिल्यांदा उजळलेला. आपण दोघं एकाच दुःखापाशी दोन बाजूंनी गुपचूप बसलो होतो, असं त्यांना आज सकाळी कळलं होतं, एका खोक्यावरून. ते खोटं होतं. तिने मसाल्यासाठी काही आणलं नव्हतं. आईचा मसाला संपला त्या दिवशी तिने बरणी धुतली होती आणि तिच्यात साखर भरली होती.

"हात धुऊन येते," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

खोकं कपाटात जागच्या जागी होतं. वर सुतळीसुद्धा बांधलेली, अण्णांच्या हातची, एसटीच्या पार्सलला बांधायची तशी गाठ. ती गाठ सुटेना. नखं लावून ओढताना तिला एकदम ती दुसरी गाठ आठवली – स्वारगेटच्या कडुनिंबावरची, पिशवी टांगायची, शिडीवर उभं राहून, आणि खालचा पानवाला मान वर करून म्हणाला होता, "ताई, करणी आहे का काय?" "नाही काका, पीएचडी आहे." "मग करणीच बरी. लवकर लागू तरी होते." पुढच्या खेपेला पाहते तो पिशवीच्या शेजारी कुणीतरी लिंबू-मिरची बांधून ठेवलेली, उगाच जोखीम नको म्हणून. हे तिने आईला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं आणि आई इतकी हसली होती की सिस्टर धावत आली होती…

गाठ सुटली.

एवढ्याशा दगडफुलातल्या शिशाने माणसाला लगेच काही होत नाही, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनेच हसून सांगितलं असतं. पण रस्सा चाटणारं माणूस दुसरं कुणी नव्हतं. तिला स्वारगेटच्या पुड्या उघडताना बोटांना लागणारी ती तेलकट काजळी आठवत होती, आणि बाहेर अण्णा ताटं मांडत होते – भांड्यांचा आवाज, मग फळीवरचा रेडिओ लावल्याचा. 'पा' असू दे, ती म्हणत होती. पुड्यांच्या कोपऱ्यात तिनेच पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'पा' म्हणजे पानशेत, 'स्वा' म्हणजे स्वारगेट. 'पा' गेलेलं असू दे. मग ती थबकली. मी काय मागते आहे? कंट्रोल गेलेलं असू दे म्हणते आहे? इतकी वर्षं, ती शिडी, तो मुदतवाढीचा अर्ज, मॅडमची बोलणी… आणि तरी हात थांबला नाही आणि मागणंही थांबलं नाही. असू दे, असू दे.

रिकाम्या पुड्या खोक्यातच होत्या. अण्णा काही म्हणून टाकत नाहीत. चार घड्या घालून, कडा जुळवून, एका बाजूला नीट ठेवलेल्या. तिने पहिली उलगडली. 'पा'. दुसरी. 'पा'. एकूण एक 'पा'. शेजारी स्वारगेटच्या पुड्या फुगलेल्या, जशाच्या तशा.

ती खाली फरशीवर बसली. तिला रडू आलं आणि ते सुखाचं होतं, यात तिला तरी काही शंका नव्हती. अण्णांच्या पोटात पानशेतचं जंगल गेलं होतं, दुसरं काही नाही.

मग हळूहळू बाकीचं परत यायला लागलं. उद्याची वेळ. मॅडमचा चष्म्यावरून बघणारा चेहरा. पानशेतहून पुन्हा आणता येईल – पण ते या वर्षीचं, वेगळ्या पावसातलं, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार… आणि त्या रिकाम्या पुडीचा कागद हातात असताना तिला पानशेत आठवलं, मघापासून आठवायचं टाळत होती ते.

आई आली होती बरोबर. घरात बसून कंटाळले म्हणाली. लुगड्याचा पदर खोचून, तिच्या मागोमाग जांभळीच्या झाडांमधून फिरत होती, चाकूने साल न दुखवता दगडफूल सोडवत होती, आणि मधेच म्हणाली होती, "हे तर आपलं मसाल्यातलं! यावर डॉक्टर होतात होय?" जाताना म्हणाली, "मूठभर देतेस का गं? इतकं ताजं परभणीत बघायला मिळत नाही." आणि उत्कर्षाने चेष्टेनेच पण पिशवी मागे ओढून सांगितलं होतं, "हात लावू नकोस हां आई, हे कंट्रोल आहे. डिग्री मिळाली की पोतंभर देते." आईने बरं म्हणून हात झटकले होते, पदराला पुसले होते. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं आणि ती रागावलीही नव्हती. पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. पावसाळा संपता संपता आजाराचं कळलं.

"ये की गं," बाहेरून अण्णा म्हणाले. "निवतंय."

ती तोंड धुऊन बाहेर आली. अण्णांनी वांग्याचा रस्सा केला होता, भाकरी कोपऱ्यावरच्या बाईंकडून आणली होती. ते तिच्यासमोर बसले आणि स्वतःच्या ताटाला हात न लावता तिच्या घासाकडे बघत राहिले.

तिने घास घेतला. मीठ कमी होतं. खोबरं जरा जास्त भाजलं गेलं होतं, कडवटपणा जिभेवर रेंगाळत होता. आईच्या मसाल्याला असा कडवटपणा नसायचा. आणि मग, त्या सगळ्याच्या मागून, अगदी शेवटी, तो वास आला – मातीचा, ओल्या लाकडाचा, परभणीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बरणीचा – आणि तिचा घास तोंडातच थांबला.

"दगडफूल जास्त झालं का?" अण्णांनी घाबरून विचारलं. "दोन मुठी घातलं. मावशी एक म्हणली होती, पण चांगलं होतं म्हणून… त्यातलं बाकीचं टाकून दे बरं का. काळंकुट्ट आहे, धुरकटलेलं. दुकानदारानं फसवलं तुला."

तिला हसू फुटलं. ज्यासाठी उद्या मशीन लागणार होतं ते अण्णांनी खोक्यात डोकावून सांगून टाकलं होतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि अण्णांना ते तिखटाचं वाटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"नाही, जास्त नाही झालं," ती म्हणाली. "मीठ द्या."

ते मीठ द्यायला उठले आणि उठलेच आहोत तर म्हणून कपाट उघडून बरणी शोधू लागले. साखरेची बरणी त्यांनी काढली, साखर डब्यात ओतली, बरणी आतून फडक्याने पुसली आणि उरलेला मसाला चमच्याने दाबून दाबून तिच्यात भरायला लागले. बंदुकीत दारू ठासावी तसं जपून. खाली पडलेला चिमूटभर त्यांनी बोटाने टिपून घेतला.

"एक छोटी डबी आहे का गं?" पाठमोरेच ते म्हणाले. "उद्या तुला त्या मॅडमकडं जायचंय ना? त्यांना पण ने थोडा. आमच्या आईचा मसाला आहे म्हणून सांग."

उत्कर्षाने भाकरीचा तुकडा मोडला. मॅडमच्या टेबलावर, स्वारगेटच्या पुड्यांच्या शेजारी, ती डबी तिला दिसली – झाकण उघडलेलं, मॅडम वाकून वास घेतायत, आणि आपण समोर उभ्या… काय सांगणार आहोत आपण? काय झालं तेच, की दुसरं काही, की आधी नुसतं, घ्या मॅडम, घरचा आहे? आणि अण्णांना? तिला खरंच माहीत नव्हतं. छातीत भीती होती, मघाइतकीच. फक्त ती आता कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्यासारखी वाटत होती आणि इथे, या ताटापाशी, तिला भूक लागली होती.

"वरच्या फळीवर बघा, अण्णा," ती म्हणाली. "घट्ट झाकणाची घ्या. वास जायला नको."