धाकटीच्या वाटची माफी

थोरलीने बंदराच्या गावाची बस पकडली, तेव्हा आपल्या पदरात काय पडणार याचा अंदाज तिने बांधलेला होता. बाबांना शेवटच्या घटकेला धाकटी लेक भेटेल, हा उघड लाभ. धाकटी उशाशी बसली की बाबांच्या सात वर्षांच्या आजारपणात पहिल्यांदाच आपण सलग आठ तास झोपू, हा दुसरा. तिसरा तिने कुणाला सांगितला नव्हता. गेलं वर्षभर बाबा भ्रमात तिलाच धाकटी समजत होते. खरी धाकटी शेजारी येऊन उभी राहिली, तर डोळे मिटण्याआधी एकदा तरी ते तिला ‘थोरले’ म्हणून हाक मारतील.

बंदरावर नुसता कल्ला. धक्क्याला खेटून होड्या, बर्फ फोडणाऱ्यांचा दणदणाट, ‘बाजू, बाजू’ करत अंगावर येणाऱ्या ढकलगाड्या. थोरलीच्या चपलांत पाणी शिरलं, पदराला खवले चिकटले. धाकटीला मात्र शोधावं लागलं नाही. आधी तिचा आवाजच भेटला. मासळीच्या लिलावात बोली पुकारायचं तिचं काम. एका फळीवर उभी राहून ती शंभर बाप्यांना गप्प करत होती. एकवीस वर्षांपूर्वी तिने बोटींच्या इंजिनाच्या मिस्त्रीशी लग्न केलं, तेव्हा बाबांनी भर गल्लीत तिची ट्रंक फेकली होती. “तू मला मेलीस,” म्हणाले होते.

“ताई! अगं, केस किती पिकले तुझे!”

“आणि तुझा घसा अजून बसला नाही वाटतं.”

“बसला तर खाऊ काय?”

दोघी वजनकाट्याच्या खोलीत उलट्या खोक्यांवर चहा घेऊन बसल्या.

“बाबांचं काही खरं नाही,” थोरली म्हणाली. “चल तू.”

“मेलेल्या माणसाने कसं यायचं? भूत होऊन?” धाकटी हसली, मग हसू आवरून म्हणाली, “एका अटीवर येते. त्यांनी माझी माफी मागायची. मग ‘केलं’ म्हणायचं की ‘नाही’, ते मी बघीन. दोन्ही उत्तरं एकवीस वर्षं घोकून ठेवलीत.”

थोरलीला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं. “मग झालंच की! मागितली त्यांनी. गेल्याच महिन्यात.”

“कुणाजवळ?”

“माझ्याजवळ. म्हणजे तू समजून. ‘धाकटे, ट्रंक फेकायला नको होती गं,’ म्हणाले. हात जोडून ढसाढसा रडले.”

“मग?”

“मग काय? मी चादर बदलत होते. म्हटलं, जाऊ दे बाबा, केलं माफ. तेव्हापासून शांत झोपतात.”

धाकटीने कप खाली ठेवला. बाहेर कुणीतरी तिला हाका मारत होतं.

“ते माझं होतं, ताई.”

“अगं, म्हातारा माणूस रडत होता...”

“रडत होता माझ्यापाशी. आणि मीच नव्हते तिथे. मी ‘नाही’ म्हटलं असतं. कदाचित त्यांच्या पायाशी बसून रडलेही असते. आता येऊन काय करू? त्यांच्या लेखी मी केव्हाच घरी आलेय.” ती उठली. “तू ‘ओ’ तरी कशाला दिलीस?”

“आधी सांगून पाहिलं गं, मी थोरली म्हणून. तोंड फिरवायचे. धाकटी भरवतेय म्हटलं की घास घ्यायचे.” थोरलीने तिचा हात धरला. “माझ्यासाठी चल. नुसती शेजारी उभी राहा.”

धाकटीने तिच्या पदरावरचे खवले एकेक करून काढले, गालावरून हात फिरवला आणि नकाराची मान हलवली. मग ती फळीवर चढली. पहिली बोली घशातून बाहेरच येईना. “तोफ भिजली वाटतं आज!” कुणीतरी ओरडलं, सगळे हसले. तोफ पुन्हा धडाडली, तोवर थोरली बसथांब्याच्या वाटेला लागली होती.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाबांनी चाचपडत हात पुढे केला.

“धाकटे, आहेस ना?”

“आहे, बाबा.”

बाबा सुटले, एक दमडी न मोजता. धाकटीची दोन्ही उत्तरं तिच्याचकडे पडून राहिली. आणि सात वर्षं, एकूण एक, भरली थोरलीने. पावती तेवढी धाकटीच्या नावाने फाटली.