बाबांची तीन बोटं

काडीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. जन्मापासून किडमिडीत, पाय कायम गार, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तेव्हा वैद्य असलेल्या तिच्या बापाने लहानपणीच निकाल देऊन टाकला होता: पोरगी शुद्ध वातप्रकृतीची. आता ती बेचाळीस वर्षांची योगशिक्षिका होती, वर्गात तिचा दरारा होता, पण घरात अजून काडीच.

घराचा कारभार सरळ होता. खाली बाबांची तपासणीची खोली, जिना चढून गेलं की काडीचा वर्ग. येणारा माणूस आधी खाली बसायचा. बाबा त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायचे, पहिलं वातासाठी, दुसरं पित्तासाठी, तिसरं कफासाठी, आणि डोळे मिटायचे. प्रश्न एकही नाही. विचारलं की माणूस थापा मारतो, असं त्यांचं मत होतं. मग चिठ्ठीवर एकच शब्द. चिठ्ठी घेऊन माणूस वर आला की काडी त्याला त्या त्या रांगेत घालायची. वातवाले जमिनीवर, सगळं संथ. पित्तवाल्यांना पुढे वाकायची आसनं आणि गार श्वास. कफवाल्यांना मात्र घाम फुटेपर्यंत सूर्यनमस्कार आणि उड्या. अकरा वर्षांत तिने एकाही चिठ्ठीवर शंका घेतली नव्हती. बाबांच्या बोटांवर शंका घ्यायची म्हणजे घड्याळ बघून सूर्य चुकला म्हणायचं.

रोज सकाळी दार उघडण्याआधी बाबा तिचीही नाडी बघत. त्यात तपासणी कमी आणि चेष्टाच जास्त. आज वारा सुटलाय, खिडकीपाशी उभी राहू नकोस, उडशील, असलं काहीतरी बोलायचे आणि हात सोडून द्यायचे.

त्या सोमवारी ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. दुसरा हात मागितला. तोही कितीतरी वेळ धरून बसले. काडी नेहमीसारखी बडबडत होती, ती हळूहळू गप्प झाली. ती गप्प झाल्यावर बाबांनी दचकून डोळे उघडले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोल ना. थांबलीस का?"

आईचा हात त्यांनी असाच धरला होता, असाच न बोलता, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत आई गेली.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शिवाय बाबा मऊ वागायला लागले, आणि हे तर फारच वाईट. मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवणारा हा माणूस आता तिला जेवलीस का विचारत होता. काडीची झोप उडाली. वर्गात बाकीच्यांना श्वास सोडायला सांगताना तिचा स्वतःचा छातीतच अडकायचा. अंघोळीच्या वेळी ती स्वतःच्या फासळ्या मोजायची आणि रोज एखादी जास्त वाटायची. बाबांना सरळ विचारावं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं. तिला नेमकं त्याचंच भय वाटत होतं.

शेवटी तिने बाबांना न सांगता मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्त दिलं, छातीचा ईसीजी काढला, यंत्राखाली निजली. वैद्याच्या मुलीने हे करणं म्हणजे घरभेदीपणाच. शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटेपालटे करून सांगितलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही, जरा पोटभर जेवा.

काडी अक्षरशः धावत घरी आली. उशीर झाला होता. वर रोज योगाला येणाऱ्या गणिताच्या निवृत्त मास्तरांनी वर्ग सुरू केला होता, त्यांचे खणखणीत आकडे जिन्यात ऐकू येत होते. आता बाबांना चांगलं फैलावर घ्यायचं, या बेताने ती आधी खालच्या खोलीत शिरली. बाबा एकटेच होते. शेगडीवरून नुकताच उतरवलेला काढ्याचा स्टीलचा पेला हातात धरून ते खिडकीपाशी उभे होते.

"तू घे हा, तुझ्यासाठीच केलाय," असं म्हणत त्यांनी पेला तिच्या हातात दिला.

काडीची बोटं अशी पोळली की पेला खाली पडला. ती बोटांवर फुंकर घालत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी तोच पेला आरामात धरला होता. तिने त्यांचा हात ओढून उलटा केला. बोटांच्या टोकांवर फोड होते. काही जुने, वाळलेले. एक आताचा.

बाबांनी हात सोडवून घेतला आणि खुर्चीत बसले.

"कधीपासून?" काडीने विचारलं.

"सात महिने. आधी तिसरं गेलं. या सोमवारपासून तिन्ही बोटांना काही लागत नाही."

"आणि चिठ्ठ्या?"

"चालीवरून लिहितो, आवाजावरून लिहितो. चाळीस वर्षं इथे बसलोय, काडी. अगदीच काही उगाच लिहीत नाही." मग आवाज खाली गेला. "कधीकधी उगाचच लिहितो."

"मग माझा हात एवढा वेळ का धरून बसत होतात?"

"तुझी नाडी मला पाठ आहे. वाटलं, कुणाची नाही तर तुझी तरी लागेल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लागली नाही. डोळे मिटले की वाटायचं, समोर कुणी नाहीच. तू बोलत असायचीस म्हणून कळायचं की तू आहेस."

काडीला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण डोक्यावर छत दणदणलं. कफाची रांग उड्या मारत होती. आणि त्या रांगेत नकाशेवाले काका होते. आयुष्यभर नकाशे काढलेले, सडपातळ, सत्तरीचे, तीन वर्षं वाताच्या रांगेत निमूट निजणारे. गेल्या महिन्यात बाबांनी नाडी पुन्हा बघितल्यावर त्यांची नवी चिठ्ठी कफाची आली आणि तिने त्यांना उड्यांना लावलं. चक्कर येते म्हणाले, तर अंग हलकं होतंय, असं तिनेच ठणकावून सांगितलं होतं.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली आणि दारातूनच ओरडली, "थांबा सगळे."

मास्तरांनी आकडा अर्धाच सोडला. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. काडी त्यांना बाजूला सारून पुढे गेली. नकाशेवाले काका भिंतीला पाठ लावून बसले होते, ओठ निळसर, कपाळावर घाम. तिने गुडघ्यांवर बसून त्यांचं मनगट धरलं, नकळत तीन बोटांनी. ठोका लागत होता, भराभर, आणि मध्येच एखादा गळत होता. त्याचा अर्थ तिला लावता येत नव्हता. ते काम कायम खालच्या मजल्याचं होतं.

मास्तरांना तिने रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितलं.

काकांनी तिच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "एवढ्याशासाठी गाडी कशाला?" ते म्हणाले. "बाबांना वर बोलव. त्यांनी हात धरला की मला बरं वाटतं."

मागे जिन्यावर, कठड्याला धरून, बाबा सावकाश वर येत होते.