काहीही न दिसणारं वळण

"अर्धी मिशी," भोंगा म्हणाला. "हरलास तर बसस्टँडवर, सगळ्यांसमोर, अर्धी मिशी भादरायची. आणि महिनाभर उरलेल्या अर्धीला हात लावायचा नाही."

"आणि तू हरलास तर तुझी."

"माझी कशाला जातेय! त्या वळणावर कुत्रंसुद्धा थांबत नाही."

भोंगा म्हणजे आमचा शेजारी, भिंतीला भिंत. डोंगरातलं अभयारण्य बघायला येणाऱ्यांना जीपमधून फिरवतो आणि मोकळ्या रस्त्यावरही हॉर्न वाजवतो, म्हणून भोंगा. आणि ते वळण म्हणजे आमच्या वहिनीचं. दादाचे गुडघे गेल्यापासून तिथली चहाची टपरी तीच चालवते. घरातली चार तोंडं त्या टपरीवर.

झालं असं, की अभयारण्याच्या ऑफिसनं नवा नकाशा छापला. त्यात सहा पॉइंट. धबधबा पॉइंट, सूर्यास्त पॉइंट, असे. वहिनीचं वळण गायब. वर साहेबांचं पत्र: 'सदर ठिकाणी प्रेक्षणीय काहीही नाही, सबब टपरी हटवण्यात येईल.' वहिनी पत्र घेऊन ऑफिसात गेली आणि अशी भांडली, की साहेबांनी खिडकी लावून घेतली. शेवटी म्हणाले, "रविवारी मी स्वतः येऊन बसतो. संध्याकाळी सहापर्यंत वीस गाड्या आपणहून थांबल्या, तर राहू दे टपरी. हात दाखवायचा नाही, खोटं सांगायचं नाही."

भोंग्याची पैजही तीच. खोटं न बोलता वीस गाड्या.

"भावजी," वहिनी मला म्हणाली, "साहेबांच्या पाया पड म्हणून तेवढं सांगू नका. बाकी काय करायचं ते करा."

आता, माझा धंदा पाट्या रंगवायचा. तीस वर्षांत एक गोष्ट शिकलोय. 'रंग ओला आहे, हात लावू नये' असं लिहिलं, की सकाळी तिथे पाच बोटं उमटलेली असतात. 'येथे थांबा' वाचून कुणी थांबत नाही.

शनिवारी पाटी रंगवली. पिवळ्यावर काळी अक्षरं, हातभर उंचीची:

'येथे प्रेक्षणीय काहीही नाही. उगाच थांबू नये.'

रविवारी साहेब खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. पहिली गाडी सुसाट पुढे गेली. मग पन्नास पावलांवर करकचून थांबली आणि मागे मागे आली.

"काय नाहीये इथे?" गाडीतल्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही," वहिनी म्हणाली. "चहा टाकू?"

"म्हणजे नक्की कुठल्या बाजूला नाहीये?"

"दोन्ही बाजूंना. पण डावीकडे जरा जास्तच नाही."

सगळं कुटुंब डावीकडे बघायला लागलं. त्यांना बघून दुसरी गाडी थांबली, ती बघून तिसरी. कुणी दुर्बीण काढली, कुणी पाटीला टेकून फोटो काढले. एक आजोबा तर मला म्हणाले, "धबधब्यापाशी काय ती रेटारेटी! इथे कसं निवांत काही दिसत नाही."

दहावी गाडी थांबली तसे साहेब उठले. "ती पाटी काढा आधी."

"का? खोटी आहे?"

"लोकांची दिशाभूल होतेय."

"साहेब, वाक्य तुमच्या पत्रातलं आहे. खाली सही तुमची. मी फक्त अक्षर सुधारलं."

साहेब बसले. वहिनीनं त्यांना न विचारता चहा दिला, बिनसाखरेचा.

साडेपाचला एकोणीस झाल्या आणि रस्ता ओस पडला. पावणेसहा झाले, पाच मिनिटं वर गेली. वहिनी एकच कप पुसत होती, कितीतरी वेळ. तेवढ्यात वरून हॉर्न ऐकू आला. भोंगा! जीप भरून माणसं आणि चेहऱ्यावर असं हसू, की हा काही थांबत नाही.

आणि कठड्यापाशी चहा घेत रेंगाळलेली माणसं एकदम पुढे वाकली. समोरच्या उतारावर, दगडांच्या राशीतून एक अस्वल चाललं होतं. मागे दोन पिल्लं, एक नीट चालणारं, एक दर पावलाला घसरणारं.

"थांबवा! थांबवा!" जीपमधली माणसं ओरडली. एकानं भोंग्याची कॉलरच धरली. ब्रेक लागला. वीस.

पिल्लं झाडीत शिरली. मग साहेब म्हणाले, "वीस झाल्या, मान्य. पण पाटी खोटी ठरली. खोटं सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"पाटी खोटी, तर पत्रही खोटं," मी म्हणालो. "पाटी खरी, तर वीस गाड्या खऱ्या. कुठलं धरताय? दोन्हीकडून टपरी राहतेच."

कठड्यावरची माणसं आता साहेबांकडे बघत होती. मघाशी अस्वलाकडे बघत होती तशीच.

वहिनीनं पत्र पुढे केलं. "लिहा. रद्द. आणि तारीख घाला." साहेबांनी लिहिलं. तारीख चुकली, ती वहिनीनं त्यांच्याकडूनच खोडून परत लिहून घेतली.

"एक मिनिट!" भोंगा जीपवर चढला. "म्हणजे पाटी खोटी होती! पैज मी जिंकलो!"

खरंच की. खोटं न बोलता, असं ठरलं होतं. आता अस्वलाशी कोण भांडणार?

मंगळवारी बसस्टँडवर हीऽ गर्दी. दादासुद्धा काठी टेकत आला होता. न्हाव्यानं खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली होती, बिचारा माझी लाज राखत होता.

"फिरव ती," मी म्हणालो. "समोर साहेबांच्या ऑफिसच्या दाराकडे तोंड कर. आणि डावी काढ."

वस्तरा फिरला. पोरीबाळी खिदळल्या, वहिनी पदर तोंडात कोंबून उभी होती, तरी तिचे खांदे हलत होते. ऑफिसच्या दारात साहेब आले, बघितलं आणि आत गेले. मी त्यांना उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ देऊन दाखवला.

"अरे, हरलेला माणूस जरा तोंड पाडून बसतो!" भोंगा ओरडला.

"मिशी पाडलीय," मी म्हणालो, "तोंड पाडायचं पैजेत नव्हतं."