खळगा खुणेला

“ताई नाहीत का?”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन कॉम्प्युटर काउंटरवर ठेवले आणि मास्तरांच्या खांद्यावरून आत बघत विचारलं. मास्तर समोरच उभे होते. पेटी उचलायला त्यांनी हात पुढेही केला होता.

“आहे ना. काय झालंय याला?”

“एक्स-रेचा कॉम्प्युटर आहे. पंखा फिरतो, पण पडदा काळाच. ताई आल्या की सांगते ना सगळं, उगाच दोनदा कशाला.”

“मला सांगितलंत तरी तिच्यापर्यंत पोचतं हो. एकाच घरात राहतो आम्ही.”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मास्तर काही विनोद करायला गेले नव्हते, पण समोरचं माणूस हसल्यावर तेही थोडं हसले.

आतून बायको हात पुसत आली. “अगंबाई, जोडीनं आणलेत दोन्ही?”

“तुम्हीच म्हणाला होतात फोनवर, की दुसऱ्या खोलीतला तसलाच चालू आहे तोही आणा म्हणून.”

फोन कधी झाला, हे मास्तरांना माहीत नव्हतं. पूर्वी दुकानातला फोन वाजला की तो मास्तरांसाठीच असे.

मास्तर हे त्यांचं टोपणनाव. एके काळी त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत सोल्डरिंगचा वर्ग चालवला होता, तेव्हापासून ते चिकटलं. बोर्डावरची तांदळाएवढी चिप काढून दुसरी बसवावी ती मास्तरांनीच, असं लोक म्हणत. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपात, मग सहीत, आणि एक दिवस गरम हवेच्या गनमध्ये. एका बोर्डावर शेजारचे चार भाग उडाले, तेव्हा काउंटर सांभाळणारी बायको म्हणाली, “तुम्ही सांगा, मी धरते. बरं वाटेपर्यंत.”

त्यांनी सांगितलं, तिने धरलं. सुरुवातीला ते तिच्या मनगटावर बोट ठेवून जोर कळवत. नंतर बोट उचलावं लागलं, कारण बोटाचा कंप तिच्या हातात उतरू लागला. हाताला बरं वाटलं नाही आणि ती त्या स्टुलावरून उठली नाही. ती काउंटरमागे असायची, तिथे आता मास्तर बसू लागले.

याला मत्सर म्हणावं का, कोण जाणे. बायकोचा कुणी मत्सर करतं का? तिचं चांगलं झालं तर ते आपलंच, असं मास्तर स्वतःला बजावत, आणि ते त्यांना पटेही. पण गिऱ्हाईक “ताई” म्हणालं की “मीच शिकवलंय तिला,” हे ते न विचारता सांगत. शेजारचा किल्लीवाला तर टपलेलाच असे. “मास्तर, तुमचं प्रमोशन झालं म्हणायचं. कारागिराचे मॅनेजर झालात!” म्हणायचा. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने फोन करून तिच्या कामाची तोंडभर स्तुती केली. “कोण होतं हो?” असं तिने आतून विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “राँग नंबर.”

“चिप गेलीय,” बायको बोर्डावर मीटर टेकवत म्हणाली. “मशीन सुरू होताना पहिलं काय करायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं ना, ती. हिच्यातलं काही वाचताच येत नाहीये. तुमच्या चालू मशीनमधलं उतरवून नवीन चिपमध्ये भरते, मग बसवते.”

“आणि नाही झालं तर?”

“हा बोर्ड आता कुणी बनवत नाही.”

“म्हणजे माझं एक्स-रेचं मशीन भंगारात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ताई, तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे हं. बसते इथंच.”

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि पुसलेलं काउंटर पुन्हा पुसायला घेतलं.

नवीन चिप भरून झाल्यावर बायकोने जुन्या चिपच्या भोवती आच अडवणारी पिवळी पट्टी चिकटवली, सोल्डर नीट वितळावं म्हणून फ्लक्सचं मलम लावलं, गन हातात घेतली. हवा गोल गोल फिरू लागली. सोल्डर चमकून पातळ झालं तशी तिने चिमट्याने जुनी चिप अलगद उचलली, दुधावरची साय उचलावी तशी. मास्तर कधी तिच्या मागे येऊन उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. हात त्यांच्यासारखाच फिरत होता. खरं सांगायचं तर त्यांच्याहून थोडा बरा. ते चिप उचलताना नेहमी जरा घाई करत.

भरून तयार असलेली नवीन चिप तिने भिंगाखाली धरली, उलटसुलट केली, मग बोर्डावर ठेवली.

मास्तर आणखी पुढे वाकले.

चिपच्या कोपऱ्यात एक गोल खळगा असतो आणि बोर्डावर एक पांढरी खूण छापलेली असते. खळगा खुणेशी आला पाहिजे. चिप उलटी बसली तर वीज उलटी शिरते, चिप भाजते आणि कधी कधी बोर्डालाही घेऊन जाते. “खळगा खुणेला” हे मास्तरांच्या वर्गातलं पहिलं वाक्य होतं. विद्यार्थी उठताबसता त्याची नक्कल करत.

खळगा खुणेला नव्हता. समोरच्या कोपऱ्यात होता. मास्तरांना तो चष्म्यातून स्वच्छ दिसत होता.

पुन्हा हवा फिरली. चिपचे आठही पाय जागच्या जागी बसले. तिने स्पिरिटचा ब्रश फिरवून बोर्ड पुसला.

‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण त्याच्यामागून एक चित्र आलं: बारीकसा धूर, बायकोचा पडलेला चेहरा आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून म्हणताहेत, “मास्तर, तुम्ही बघा ना जरा.” ते चित्र इतकं गोड होतं, की मास्तर त्यात घटकाभर रमले. डॉक्टरीणबाईंचं नुकसान, दुकानाचं नाव, यातलं काहीच त्या चित्रात नव्हतं.

बायकोने वायर जोडली आणि मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. “अहो, लावू?”

मास्तरांनी तोंड उघडलं नाही. त्यांची नजर बोर्डावरून हलली नाही.

तिने बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा क्षणभर काळाच राहिला आणि मग त्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली. धूर नाही, वास नाही. मास्तर बोर्डाकडे बघतच राहिले.

“आलं!” डॉक्टरीणबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. “ताई, सोन्याचे हात आहेत हो तुमचे.”

“हात माझे, अक्कल यांची,” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे बघून मान डोलावली, आणि दोन्ही कॉम्प्युटर गाडीत ठेवायला किल्लीवाल्याला हाक मारली. गाडी गेल्यावर दुकान एकदम शांत झालं.

बायको चिमटे पुसून जागेवर ठेवत होती. “आज धाकधूक होती मला,” ती म्हणाली. “बोर्ड मिळत नाही म्हणजे केवढी जोखीम! पण तुम्ही मागं उभे होतात, बरं वाटलं. म्हटलं, चुकत असतं तर बोललाच असता. गप्प आहेत म्हणजे बरोबर आहे.”

मास्तरांच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. आणि गेली दहा मिनिटं डोक्यात घोळत असलेला प्रश्न, ज्याला त्यांनी कुलूप लावून ठेवायला हवं होतं, तो बाहेर पडला.

“पण खळगा तर खुणेला नव्हता.”

“या दुसऱ्या कंपनीच्या आल्यात ना. यांचा खळगा नुसता साच्याचा असतो, त्याला काही अर्थ नाही. खरी खूण म्हणजे एक बारीक ठिपका, तो पलीकडच्या…”

ती बोलता बोलता थांबली. चिमटा हातातच राहिला.

आपण काय बोलून बसलो ते मास्तरांना तेव्हा कळलं. खळगा चुकलाय असं त्यांना वाटत होतं, आणि तरीही ते गप्प उभे होते. आता तिलाही ते कळलं होतं. ती त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. चालता चालता एखादी ओळखीची पायरी अचानक पायाखाली नसावी, तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र कर्कश आवाज करत होतं. ते थांबलं. पुन्हा सुरू झालं.

“तुम्ही का नाही…” ती म्हणाली.

मास्तर काउंटरकडे जायला वळले.

“थांबा.”

तिने दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. नवीन चिपांच्या पट्टीतून एक काढून भिंगाखाली ठेवली आणि दिवा वाकवला.

“बसा इथं. बघून ठेवा.” आवाजात गोडवा नव्हता, टोमणाही नव्हता. वर्गात मास्तर पहिल्या दिवशी बोलायचे तसा तो आवाज होता.

मास्तर बसले. भिंगावर वाकले. मोठा गोल खळगा ताबडतोब दिसला.

“तो नाही. त्याच्या समोरचा कोपरा. सुईच्या टोकाएवढा ठिपका आहे. दिसला?”

हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं त्यांना सगळं दिसतच आलं होतं.

“नाही,” मास्तर म्हणाले.

तिने चिप उजेडाकडे किंचित तिरकी केली. पण भिंगाखाली सगळं थरथरत होतं, ठिपका कुठे धरावा ते डोळ्यांना उमगेना. मास्तरांना वाटलं, तिचा हात हलतोय. मग त्यांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही हात टेबलावर टेकलेले होते आणि त्यांच्याबरोबर टेबल हलत होतं.

त्यांनी हात उचलले, मांडीवर घेतले. चिप स्थिर झाली.