टोपीतल्या चिठ्ठ्या

ईस्टरच्या रविवारी बेटावरच्या प्लोमारी गावातल्या इग्नातिसच्या बेकरीत पाव भाजत नाहीत, पण भट्टी पेटलेलीच असते. अख्खी आळी भात भरलेल्या कोकराचे ट्रे भाजून घ्यायला दारात येते. म्हणून कामाच्या माणसांपैकी एकाला सणाचं ताट सोडून भट्टीपाशी थांबावं लागतं. कोणी थांबायचं, हे इग्नातिस मालक आदल्या सोमवारी टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवायचे.

"चौघांची चार नावं. त्यात माझंही आहे," ते दरवर्षी बजावायचे. "मालक झालो म्हणून मी काही आभाळातून पडलेलो नाही."

आणि दरवर्षी नाव निघायचं मिर्सिनीचं. चार वर्षं ओळीने. तिच्याबरोबरचे ताक्सियार्हिस आणि पेलागिया "काय बाई तुझं नशीब!" म्हणून हळहळायचे आणि घरी जायचे. ज्याला सुट्टी मिळते, तो शंका काढत बसत नाही.

मिर्सिनीची आई बेटाच्या दुसऱ्या टोकाला, मोलिव्होसला एकटी राहायची. वय शहाऐंशी. सणाआधीची शेवटची बस शनिवारी दुपारची. दर ईस्टरला म्हातारी लेकीच्या वाटणीचं सणाचं लाल रंगवलेलं अंडं देवाच्या तसबिरीपाशी ठेवून द्यायची. "चार झालीत," परवा ती फोनवर म्हणाली. "पाचवं ठेवायला मी असेन की नाही, देव जाणे."

गेल्या वर्षी चिठ्ठी निघाल्यावर मिर्सिनीने सगळ्यांचे एप्रन आणि टोप्या धुवायला घेतल्या. तेही काम तिच्याच गळ्यात होतं. मालकांच्या टोपीच्या अस्तरात तीन चिठ्ठ्या अडकून राहिल्या होत्या. तिन्हींवर मिर्सिनी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग, खोटं कशाला सांगा, तिला जरा बरंही वाटलं. ताक्सियार्हिसने एकदा अकरा ट्रे करपवले होते, पेलागियाला कुणाचा ट्रे कुठला हे आठवत नसे. मालकांचा भरवसा होता तो एकट्या तिच्यावर. त्या बरं वाटण्याची मात्र तिला वर्षभर लाज वाटत राहिली. भरवसा होता तर तोंडाने सांगायचं होतं, आणि बदल्यात दुसरा एखादा सण द्यायचा होता. ती कुणाकडे बोलली नाही.

यंदा मालकांनी टोपी पुढे आणली, तशी ती म्हणाली, "मालक, तुमच्या हाताला माझंच नाव लागतं. यंदा मी काढते."

"काढ की. हात बदलला म्हणून नशीब बदलत नाही," मालक निवांतपणे म्हणाले.

तिने चिठ्ठी काढली, उघडली. तिचंच नाव होतं.

"इग्नातिस," तिने वाचलं आणि चिठ्ठी भट्टीत टाकली.

पेलागियाने टाळी वाजवली. "आली का पाळी, मालक!"

"छे, काहीतरीच! नीट वाचलंस ना?"

"त्यात काय, बाकीच्या तीन बघू," ताक्सियार्हिस म्हणाला. "त्यांत तुमचं नाव नसलं, म्हणजे तुमचंच निघालं." त्याने भोळेपणाने हात पुढे केला.

मालकांनी टोपी झटकन डोक्यावर चढवली, चिठ्ठ्यांसकट. "राहू दे. निघालं ते निघालं."

शनिवारी दुपारी ती निघाली, तेव्हा मालक दारापर्यंत आले.

"मिर्सिनी, सत्तर ट्रे येतील उद्या. मला तुझ्याशिवाय कुणाचाच भरवसा नाही गं. माझा स्वतःचासुद्धा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी टोपी धुताना कळलं."

मालकांचे कान लाल झाले. तिने जास्त ताणलं नाही.

"मागचा डावा कोपरा जास्त तापतो. तिथले ट्रे दर अर्ध्या तासाने फिरवा," एवढं सांगून तिने पिशवी उचलली.

बस सुटल्यावर तिने आईला फोन लावला.

"आई, यंदाचं अंडं देवापाशी ठेवू नकोस. ताटात ठेव."